कसेबसे

दिवाळी अंक हाती घेतलेल्या वाचकापुढे तंगीचा विषय काढणे म्हणजे लग्नघरात उधारीची गोष्ट काढण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. शेजारी फराळाचे ताट असावे, मुलांनी फटाक्यांसाठी हट्ट धरलेला असावा, आणि लेखकाने आठवड्याच्या बाजाराचा हिशेब उघडून बसावे, हे काही शिष्टसंमत नव्हे. परंतु ज्या घरात हे ताट भरले गेले, त्या घरात ते कसे भरले गेले याची कथा कोणीतरी एका स्त्रीने मनातल्या मनात महिनाभर रचलेली असते. ती कथा आपल्या वाङ्मयात का उतरली नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि तो मला सुचलेला नाही. माझ्या आईने मला विचारलेला आहे.

माझ्या एका कादंबरीत मुंबईतील गिरणीसंपाचा काळ आला आहे. हा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि तो रीतसर कधी संपलाच नाही, हे वाचकांना ठाऊक आहे. कादंबरीतला नायक गिरणीत आहे, बायको-मुले मालवणात. मनिऑर्डर थांबते. तिथे मी एक वाक्य लिहिले होते: ‘तिने कसेबसे दिवस काढले.’ त्यानंतर मी लगेच मुंबईला परतलो, कारण सभा, मोर्चे, पुढाऱ्यांची भाषणे, फुटलेली माणसे हे सगळे तिकडे होते. कादंबरीचे बरे स्वागत झाले. आईने ती सावकाश, चष्मा पुसत पुसत, पंधरा दिवसांत वाचली आणि मिटून ठेवताना म्हणाली, “बरा लिवलंस. पण कसेबसे म्हणजे कशे रे? त्या बायन शुक्रवारी काय रांदल्यान, ता खंय लिवलंस?”

मी हसलो. समीक्षकांनी काढलेल्या दोषांना मी उत्तरे दिली होती. याला मात्र मजपाशी उत्तर नव्हते. मग आपल्या पुस्तकांच्या फळीवरची पुस्तके मी या एका प्रश्नाच्या उजेडात पुन्हा चाळली. त्या चाळण्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

*

मराठी कथा-कादंबरीत गरिबी पुष्कळ आहे. भूकही आहे. नाही ती या दोहोंमधली जागा, म्हणजे ज्या घरात रोज दोन वेळा चूल पेटते, रोज पाच माणसे जेवून उठतात, आणि तरी प्रत्येक दिवशी ते जेवण होणार की नाही हे सकाळपर्यंत ठरलेले नसते, ते घर. महाराष्ट्रातली पुष्कळ घरे या जातीची होती आणि अजून आहेत. परंतु लेखक तिथे आला की त्याची लेखणी अडखळते आणि तो ‘कसेबसे’, ‘जेमतेम’, ‘हातातोंडाशी गाठ घालून’ असे शब्द टाकून पुढे जातो. हे शब्द खोटे नाहीत. पण ते झाकणासारखे आहेत. खाली काय शिजते आहे ते दिसत नाही.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या 1935 सालच्या पुस्तकातील अळणी भाजीची गोष्ट घ्या. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचे राहते. वडील अवाक्षर न बोलता जेवतात, मुलेही जेवतात. मागाहून आई जेवायला बसते तेव्हा पहिल्याच घासाला तिच्या ध्यानात चूक येते आणि तिला वाईट वाटते. ही गोष्ट आम्ही मास्तर मंडळी पिढ्यान्पिढ्या रसनेवरील संयमाचा पाठ म्हणून शिकवत आलो. करणाऱ्याच्या श्रमाकडे पाहावे, चवीची कुरकूर करू नये, हा तिचा बोध योग्यच आहे. परंतु आईच्या प्रश्नानंतर मी ती पुन्हा वाचली तेव्हा माझे लक्ष दुसरीकडेच गेले. ही गोष्ट घडू शकते ती एकाच कारणाने: जिने भाजी केली ती सर्वांच्या शेवटी जेवते. ती पंक्तीत बसली असती तर गोष्टच उरली नसती. मीठ मागून घेतले असते आणि सगळे हसले असते. म्हणजे जेवणाऱ्यांच्या संयमाच्या या गोष्टीचा पाया वाढणारीच्या मागे राहण्यात आहे, आणि त्याविषयी गोष्ट काही म्हणत नाही. गुरुजींना ते दिसले नसेल असे मी म्हणणार नाही. त्या मातेविषयी इतक्या ओलाव्याने लिहिणाऱ्या माणसाला काय दिसत नव्हते? पण आम्हा शिकवणाऱ्यांना ते दिसले नाही. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजी किती उरली होती, हा प्रश्न मी वर्गात एकदाही विचारलेला नाही.

याला एक मोठा अपवाद आहे तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा. पहिला भाग 1934 साली निघाला. पती कवी, स्वभावाने उदार, हातात आलेला पैसा दुसऱ्याची नड पाहून देऊन टाकणारे, वेळी-अवेळी पाहुणे घरी आणणारे. अशा माणसाच्या संसाराचे चित्र लक्ष्मीबाई रेखाटतात तेव्हा डब्यात काय आहे नि काय नाही याचे भान त्यांना कधी सुटत नाही. त्यांचा विनोद याच भानातून येतो. रेव्हरंड टिळकांचे औदार्य इतरांना आकाशाएवढे दिसे. लक्ष्मीबाईंना ते आकाशाएवढे तर दिसेच, शिवाय रिकाम्या डब्याएवढेही दिसे. दोन्ही मापे एकाच वेळी हातात धरणारी अशी लेखणी आपल्याकडे पुन्हा क्वचितच झाली. त्या पुस्तकाला अभिजात म्हणताना आपण तिच्या भाषेची, निर्मळपणाची, विनोदाची वाखाणणी करतो. मला वाटते, तिच्या हिशेबी नजरेचीही करावी.

*

कथा-कादंबऱ्या सोडून मी पाकपुस्तकांकडे वळलो. पाकपुस्तक हा वाङ्मयप्रकार आहे असे म्हटले की पंडित भुवया उंचावतील. पण ज्या पुस्तकाच्या पानांवर हळदीचे डाग पडतात आणि जे आईकडून लेकीकडे जाते, ते वाङ्मय नाही तर काय आहे?

मराठीत ही परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे 1910 सालचे. नावातच हजाराचा ऐवज आहे. आणि 1970 साली आली ती कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. तिने मराठी घरात जे स्थान मिळवले ते फार थोड्या कादंबऱ्यांना मिळाले असेल.

‘रुचिरे’चे खरे कर्तृत्व तिच्या मापात आहे. जुन्या काळी मापे शेराची, तोळ्याची, नाहीतर सासूच्या ‘अंदाजा’ची. कमलाबाईंनी घरातली वाटी आणि घरातला चमचा हेच माप धरले. वरवर ही सोय वाटते; पण विचार करून पाहिले तर तिच्यात एक मोठी समज आहे. वाटी म्हणजे वजन नव्हे, प्रमाण. एक वाटी या वस्तूला अर्धी वाटी ती वस्तू असे म्हटले की ज्या घरची वाटी लहान त्या घरचा पदार्थ लहान होतो, पण बिघडत नाही. तराजू नसलेल्या, सासूही जवळ नसलेल्या, मुंबई-पुण्याच्या एका खोलीत नव्याने संसार मांडलेल्या मुलीला या पुस्तकाने धीर दिला. पिढ्यान्पिढ्या घराघरांत, जातीजातींत बंद असलेली विद्या तिने उंबऱ्याबाहेर आणली. हे उपकार लहान नव्हेत.

तरीही आईचा प्रश्न ‘रुचिरे’ला विचारला तर तीही गप्प राहते. याचे कारण कमलाबाईंची उणीव नव्हे. तो या प्रकाराचाच स्वभाव आहे. पाकपुस्तक पदार्थापासून सुरू होते. वर पदार्थाचे नाव, खाली साहित्य, त्याखाली कृती. आधी इच्छा, मग सामान. चणचणीच्या घरातला स्वयंपाक याच्या नेमका उलट चालतो. तिथे आधी सामान: अर्धा नारळ आहे, दोन मुठी कुळीथ आहेत, परसात अळू आहे. त्यातून पदार्थ निघतो. पाकपुस्तकाचा घटक आहे पदार्थ. संसाराचा घटक आहे आठवडा. सोमवारची कढी मंगळवारी कशी पुरवायची, हे कढीच्या पानावरही सापडत नाही नि मंगळवारच्या पानावरही नाही, कारण मंगळवारचे पान असतच नाही.

असे पान असलेली पुस्तके जगात अगदीच नाहीत असे नव्हे. अमेरिकेत महायुद्धाच्या काळात, 1942 साली, एम. एफ. के. फिशर या लेखिकेने ‘हाउ टू कुक अ वुल्फ’ नावाचे पुस्तक लिहिले. दाराशी आलेला लांडगा म्हणजे त्यांच्याकडे दारिद्र्य. तेव्हा लांडगाच शिजवावा कसा, असा त्या नावातला खट्याळपणा. पैसे अगदीच संपले असता धान्य, भाजीपाला आणि थोडे मांस एकत्र रटरटवून दिवस काढण्याची कृती ती सांगते आणि तिला चिखल-गाळ अशा अर्थाचे नाव देते. लाज नाही, रडगाणे नाही. तिथल्या समीक्षकांनी तिला गद्यलेखिका म्हणून मान दिला. आपल्याकडे अशी लेखिका झाली असती तर तिचे पुस्तक आपण कोणत्या फळीवर ठेवले असते, कोण जाणे.

*

‘रुचिरा’ निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1971 साली, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा प्रबंध प्रसिद्ध झाला. माणसाला दिवसाला 2250 उष्मांक मिळावेत एवढी किमान अपेक्षा धरून त्यांनी हिशेब केला की 1960-61 च्या किमतींनी खेड्यात दरडोई महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च करू शकणारा माणूस दारिद्र्याच्या रेषेवर उभा आहे. त्याखाली किती कोटी माणसे आहेत हे त्यांनी देशाला दाखवले. त्या प्रबंधाने राज्यकर्त्यांची झोप उडाली, आणि उडायलाच हवी होती.

एक वर्षाच्या अंतराने निघालेली ही दोन पुस्तके मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा मला नवल वाटते. दोन्ही एकाच जागेविषयी आहेत: मराठी माणसाच्या चुलीविषयी. एकात वाट्या आहेत पण रुपये नाहीत. दुसऱ्यात रुपये आहेत पण वाट्या नाहीत. 15 रुपयांचे 2250 उष्मांक रोज कसे करायचे, म्हणजे तांदूळ किती, डाळ किती, तेलाची धार किती वेळा नि कोणत्या दिवशी मुळीच नाही, हे जिला ठाऊक होते ती बाई दोन्ही पुस्तकांच्या बाहेर उभी होती. अर्थशास्त्रज्ञांना ती आकड्यात दिसली, पाकपुस्तकाला ती वाचक म्हणून दिसली. लेखिका म्हणून ती कोणालाच दिसली नाही.

अपवाद म्हणता येईल तो पुस्तकांच्या जगातला नव्हे. गिरणगावात हजारो बायका खाणावळी चालवीत. एका खोलीत दहा-वीस गिरणीवाल्यांचे डबे, महिन्याच्या पगाराला पैसे, आणि तोवर वाण्याची उधारी. यांत कोकणातले जेवणारे पुष्कळ. माझे वडीलही अशाच एका खोलीत जेवत. प्रेमा पुरव यांनी 1975 साली या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून सावकाराच्या तोंडून सोडवण्याची खटपट केली. बँकेपुढे ठेवायला या बायकांजवळ दागिना नव्हता. होता तो हिशेब. इतक्या पैशांत इतकी माणसे इतके दिवस जेवतील, हे त्या बोटांवर सांगू शकत. दांडेकरांचे रुपये आणि कमलाबाईंच्या वाट्या येथे एका डोक्यात एकत्र आल्या होत्या. त्या डोक्यांनी लिहिले असते तर!

लिहिण्याची वेळ आली ती दलित लेखकांवर. दया पवारांच्या ‘बलुतं’ने 1978 साली अन्नाची वाटणी म्हणजे काय हे पांढरपेशा वाचकाला प्रथमच भेदकपणे सांगितले. आणि 2015 साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. त्यांनी मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद पाककृतींसह केली. आपल्या नेहमीच्या पाकपुस्तकांत ज्या जिनसांना ‘साहित्या’च्या यादीत जागा नव्हती, त्या येथे यादीत बसल्या. या पुस्तकाचे नाव वाचूनच अनेकांना ठेच लागली असेल. मला ती लागली. आपण जेवणाआधी ज्याला पूर्ण म्हणतो ते कोणासाठी पूर्ण होते, हा प्रश्न पाकपुस्तकाच्या रूपाने विचारता येतो, हे या लेखकाने दाखवले. मराठी समीक्षेने त्याकडे समाजशास्त्र म्हणून पाहिले. मी म्हणेन, ते आपल्या पाकवाङ्मयावरचे आजवरचे सर्वांत कठोर परीक्षण आहे.

*

आता ज्या पुस्तकाचे परीक्षण कोणी करणार नाही त्याकडे येतो. आईने तो प्रश्न विचारल्यावर महिन्याभराने फडताळातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. शाळेची दुरेघी वही, शंभर पानी, 1982 सालची. वरच्या बाजूला तारीख, खाली दोन वेळचे रांधलेले, आणि समासात पाच अक्षरे: आजीचे एक, आम्हा तिघा भावंडांची तीन, आणि शेवटचे तिचे स्वतःचे.

मी ती कादंबरी वाचावी तशी वाचली. भाद्रपदातला एक आठवडा सांगतो. समुद्र शांत झाला होता आणि रापणीला तारली लागू लागली होती. बाजाराच्या दिवशी तारल्यांचा एक वाटा आणि एक नारळ. आमच्याकडे स्वस्त मासळी वजनावर नव्हे, वाट्यावर मिळते, आणि बाजार उठता उठता गेले की वाटा मोठा होतो. आई उठता उठताच जाई. त्या दिवशी नारळाची डोळ्यांकडची कवड वापरायची, कारण ती लवकर बिघडते. दुसरी कवड चौथ्या दिवसासाठी. वाटण काढून झाले की पाटा धुतलेले पाणीही कढीतच जायचे. खोबऱ्याचा एक कण मोरीत गेलेला तिला चालत नसे. दुसऱ्या दिवशी मासे नाहीत, पण तीच कढी आटवून उकड्या तांदळाच्या भातावर. मुरलेली कढी मुलांना अधिक आवडते अशी शेजारी टीप. तिसऱ्या दिवशी कुळथाची पिठी. कुळीथ आमच्याकडे भात कापल्यावर त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर होतो. त्याचे चार चमचे पीठ पाण्यात कालवून उकळले की पाच माणसांचा भात भिजतो, वर आमसूल. चौथ्या दिवशी परसातले अळू, त्यात मे महिन्यात माती लावून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, आणि राखून ठेवलेली ती दुसरी कवड. पाचव्या दिवशी रात्री भिजत घातलेल्या काळ्या वाटाण्यांची आमटी. सहाव्या दिवशी पेज आणि आगोटीला भरून ठेवलेल्या सुकटीची चटणी. सातव्या दिवशी नुसती पेज, मीठ.

यात काय वाङ्मय आहे, असे कोणी विचारील. यात रचना आहे. चौथ्या दिवसाची कवड पहिल्या दिवशी बाजूला पडते, पाचव्या दिवसाचे वाटाणे चौथ्या रात्री भिजतात, आणि सहाव्या दिवसाची सुकट व चौथ्या दिवसाच्या आठळ्या तर चार महिन्यांपूर्वीच्या उन्हाळ्यात ठरलेल्या असतात. आधी पेरून मागाहून उगवून आणण्याचे हे कसब आम्ही कादंबरीकार कथानकात करू पाहतो आणि दहात दोनदा साधते. तिला ते दर आठवड्याला साधावे लागे. न साधले तर वाचक पुस्तक मिटत नसे, मूल उपाशी झोपे.

आणि यात एक गोष्ट अशीही होती जी मी चुकीची वाचली होती, तीही वही पाहण्याआधी, आयुष्यात. समासातल्या पाच अक्षरांपैकी जो जेवला त्याच्यापुढे बारीक टिंब आहे. शेवटच्या अक्षरापुढे जानेवारीत आठवड्याला एक दिवस ‘उ.’ असे लिहिलेले आहे. एप्रिलमध्ये दोन दिवस. जुलै ते सप्टेंबर या पानांवर तीन-तीन, कधी चार. ‘उ.’ म्हणजे उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, मधे संकष्टी. माझ्या आठवणीत त्या वर्षी आई फार देवभक्त झाली होती, आणि कादंबरीत मी नायिकेला तसेच रंगवले होते: संकटात ती देवाकडे वळली, असे दीड पान. एका समीक्षकाने त्या दीड पानाला कादंबरीतील सर्वांत हृद्य भाग म्हटले होते. त्या उपासांना साबुदाणा नव्हता नि रताळेही नव्हते. वहीत फराळाची एकही नोंद नाही.

मी वही तिच्यापुढे धरून त्या अक्षरावर बोट ठेवले. ती म्हणाली, “उपास आसा म्हटला की पोरां काय इचारनत नाय.”

एवढेच. मी कादंबरीच्या पुढच्या आवृत्तीत ते दीड पान काढावे की काय, याचा विचार बरेच दिवस केला. शेवटी ठेवले आहे. पण हा लेख लिहितो आहे.

*

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कादंबरी म्हणजे वाण्याची वही नव्हे. डाळ-तांदळाच्या याद्या लिहिल्याने माणसाचे मन दिसत नाही. उलट वाङ्मयाचा रस आटतो. हे मला मान्य आहे. यादी म्हणजे कला नव्हे. परंतु माझे म्हणणे याद्या लिहाव्यात असे नाहीच. माझे म्हणणे असे की ज्या लेखकाला ती यादी ठाऊक नाही त्याला ते मन दिसत नाही. उपासाच्या ‘उ.’मागे कोण होते हे मला कळले नाही याचे कारण माझी कल्पनाशक्ती कमी पडली हे नव्हे. त्या आठवड्यात घरात तांदूळ किती होते हे मी कधी विचारले नव्हते. हिशेब ठाऊक नसला की आपण त्याग पाहूनही भक्ती लिहितो, काटकसर पाहून कंजूषपणा लिहितो, आणि बुद्धी पाहून ‘कसेबसे’ लिहितो.

दुसरे कोणी म्हणतील, आता काळ बदलला. बदलला खरा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना दरडोई महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी 2023 पासून ते धान्य मोफत मिळू लागले. शाळेत दुपारचे जेवण शिजते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य आणि 450 उष्मांक, सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम नि 700 उष्मांक, असे प्रमाण ठरलेले आहे. हा फरक लहान नाही, आणि ज्याने आपल्या लहानपणी सातव्या दिवसाची पेज खाल्ली आहे त्याने तरी त्याला लहान म्हणू नये. पण धान्य म्हणजे जेवण नव्हे. तांदळावर ओतायचे काय, हा प्रश्न जागच्या जागी आहे. डाळ, तेल, नारळ, मासळी यांना मोफत असा भाव नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा किनाऱ्यावरच्या घरात सुकटीचा डबा आजही खाली खाली जातो. शुक्रवारी काय रांधायचे याचा विचार आजही गुरुवारी रात्री कोणीतरी जागेपणी करीत असते. मुले वर्गात सोमवारी सकाळी कशी बसतात यावरून घरचा रविवार मला पुष्कळदा ओळखता येतो.

म्हणून लेखकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती आहे की ‘कसेबसे’ हा शब्द लेखणीतून उतरू लागला की क्षणभर थांबावे. त्या शब्दाच्या जागी काय होते ते घरी जाऊन विचारावे. सांगणारी माणसे अजून आहेत. फार वर्षे असणार नाहीत. आणि वाचकांना विनंती ही की आपल्या घरातल्या फडताळात अशी एखादी वही असेल तर रद्दीत घालू नये.

शेवटी दिवाळीकडे येतो, म्हणजे वाचकाचे तोंड कडू राहणार नाही. आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट पायाने फोडायचे आणि मग पोहे खायचे, हा खरा फराळ. चकली-करंजी मागाहून आली. हे पोहे नव्या भाताचे. त्यांतले काही दुधा-गुळात, काही ताकात, काही नारळाच्या रसात, काही फोडणीला, काही गूळ-खोबऱ्यात, आणि जोडीला काळ्या वाटाण्यांची उसळ. वाचकाच्या ध्यानात आलेच असेल की यात जिन्नस एकच आहे. ज्या बायकांनी हा सण प्रथम रचला त्यांच्या घरात त्या पहाटे बहुधा पोहेच होते आणि दुसरे फारसे काही नव्हते. त्या एका जिनसातून त्यांनी पाच वाट्या भरल्या आणि मुलांना वाटले की केवढी मेजवानी आहे. आम्हाला अजून तसेच वाटते.

संपाच्या त्या वर्षीची दिवाळीही वहीत आहे. पाच प्रकारचे पोहे एकाखाली एक लिहिले आहेत, आणि समासात पाचही अक्षरांपुढे टिंबे आहेत.